विश्वात द्रव्यच का उरले?

जिनिव्हाजवळील ‘सर्न’ प्रयोगशाळेत २७ किलोमीटर परिघाच्या भूमिगत बोगद्यात प्रोटॉनच्या टकरी घडवून त्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘एलएचसीबी’ या शास्त्रज्ञगटाने मार्च २०२५ मध्ये एक आकडा जाहीर केला. २.४५ टक्के. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचा तपशील प्रसिद्ध झाला आणि विश्व अस्तित्वात का आहे, या प्रश्नाचे उत्तर आता हाताशी आल्याची हवा पाहता पाहता तयार झाली. उत्तर हाताशी आलेले नाही. शोध मोलाचा आहे यात शंका नाही; पण त्यामुळे मूळ कोडे सुटले तर नाहीच, उलट ते किती अवघड आहे हे अधिक स्पष्ट झाले. त्याचा माग काढण्याची लढत आता मुख्यतः जपान, अमेरिका आणि चीनमध्ये, डोंगरांच्या आणि जुन्या खाणींच्या पोटात सुरू आहे. या विषयात एकेकाळी पहिल्या रांगेत असलेला भारत सध्या तिथे दुय्यम भूमिकेत आहे.

शंभर कोटी आणि एक

पॉल डिरॅक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचे वर्णन करणारे समीकरण मांडले, तेव्हा त्यातून एक अनपेक्षित पाहुणा बाहेर पडला. वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेच, विद्युतभार मात्र उलटा. १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांमध्ये हा कण प्रत्यक्ष सापडला आणि त्याला पॉझिट्रॉन हे नाव मिळाले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या होमी भाभा यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. ‘भाभा स्कॅटरिंग’ या नावाने ते आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रोजच्या मोजमापासाठी वापरले जाते. पुढे १९५५ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे प्रतिप्रोटॉन सापडला, १९९५ मध्ये ‘सर्न’ने प्रतिहायड्रोजनचे मोजके अणू तयार केले. थोडक्यात, प्रत्येक कणाला त्याचे प्रतिबिंब असते, हे आता वादातीत आहे. कण आणि प्रतिकण समोरासमोर आले की दोघेही नष्ट होतात आणि त्यांची ऊर्जा होते. ऊर्जेपासून कण निर्माण होतात तेव्हाही ते जोडीनेच जन्माला येतात.

अडचण इथूनच सुरू होते. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या महास्फोटानंतर विश्व अतितप्त होते, तेव्हा ऊर्जेपासून कण-प्रतिकणांच्या जोड्या सतत निर्माण होत होत्या आणि सतत नष्टही होत होत्या. विश्व थंड होत गेल्यावर निर्मिती थांबली, विनाश तेवढा उरला. हिशेब चोख असता, तर एकही कण शिल्लक राहिला नसता आणि विश्वात केवळ प्रकाश असता. प्रत्यक्षात आकाशगंगा आहेत, पृथ्वी आहे, माणूस आहे. विश्वाच्या बाल्यावस्थेतील जो मंद प्रकाश आजही सर्व दिशांनी येतो, त्याच्या मोजणीवरून असे दिसते, की प्रकाशाच्या दर एक हजार कोटी कणांमागे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून सुमारे सहाच उरले आहेत. म्हणजे ढोबळमानाने, आरंभी शंभर कोटी प्रतिकणांमागे शंभर कोटी एक कण असावेत. शंभर कोटींनी शंभर कोटींना संपवले आणि तो वरचा एक उरला. जे काही दिसते ते सारे या एकाचे बनलेले आहे.

मग उरलेले प्रतिद्रव्य विश्वाच्या दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यात नसेल कशावरून? ही शंका शास्त्रज्ञांनीही तपासून पाहिली आहे. प्रतिद्रव्याच्या दीर्घिका अस्तित्वात असत्या, तर त्यांच्या आणि आपल्या प्रदेशांच्या सीमेवर विनाश अखंड चालू राहिला असता आणि त्यातून निघणारे गॅमा किरण येथवर पोहोचले असते. तसे ते दिसत नाहीत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०११ पासून बसवलेले ‘एएमएस’ हे उपकरण विश्वकिरणांमध्ये प्रतिहेलियमचा शोध घेत असते. त्यातूनही या कल्पनेला बळ देणारा निर्विवाद पुरावा पुढे आलेला नाही. हिशेबातील तफावत खरीच आहे, असे मानून पुढे जावे लागते.

साखारोव्ह यांच्या अटी

ही तफावत आपोआप कशी निर्माण होऊ शकेल, याचा पहिला पद्धतशीर विचार १९६७ मध्ये आंद्रेई साखारोव्ह यांनी केला. सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बचे एक शिल्पकार आणि पुढे १९७५ चे शांततेचे नोबेल मिळवणारे बंडखोर, अशी त्यांची जगाला ओळख. पण मूलकणांच्या अभ्यासकांना ते या एका छोट्या निबंधासाठी अधिक आठवतात. त्यांनी तीन अटी घातल्या. प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या गोत्रातील कणांची, म्हणजे बॅरिऑनची, एकूण संख्या निसर्गात बदलता आली पाहिजे. कण आणि प्रतिकण यांच्या वागण्यात फरक असला पाहिजे. आणि हे सारे घडत असताना विश्व समतोलात असता कामा नये. कारण समतोलात जितके जमा तितकेच खर्च, शिल्लक शून्य.

यांतील दुसरी अट साखारोव्ह यांनी हवेतून काढली नव्हती. १९६४ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेव्हन प्रयोगशाळेत जेम्स क्रोनिन आणि व्हाल फिच यांना असे आढळले होते, की केऑन नावाचे कण हजारात सुमारे दोन वेळा अशा रीतीने विघटित होतात, जी कण आणि प्रतिकण एकमेकांची अचूक आरशातील प्रतिमा असती तर शक्यच झाली नसती. या घटनेला ‘सीपी सममितीभंग’ म्हणतात. १९७३ मध्ये माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले. त्यासाठी निसर्गात क्वार्कचे किमान सहा प्रकार असावे लागतील, असे भाकीत त्यांनी केले, तेव्हा तीनच प्रकार ठाऊक होते. भाकीत खरे ठरले. २००१ मध्ये जपान आणि अमेरिकेतील प्रयोगांत ‘बी मेसॉन’ या कणांमध्ये हा सममितीभंग दिसला आणि २००८ मध्ये या दोघांना नोबेल मिळाले. जपानमधील त्या ‘बेल’ प्रयोगात आणि आता त्याच्या पुढच्या ‘बेल-२’ प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे ‘टीआयएफआर’चा, सहभाग आहे. २०१९ मध्ये ‘एलएचसीबी’ने ‘डी मेसॉन’मध्येही तो शोधला.

मात्र हे सारे मेसॉन होते. मेसॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांची जोडी. ज्यापासून जग बनले आहे ते प्रोटॉन आणि न्यूट्रॉन तीन-तीन क्वार्कचे असतात, म्हणजे ते बॅरिऑन. त्यांच्या घराण्यात हा फरक साठ वर्षे कुणाला दिसला नव्हता. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेला २.४५ टक्क्यांचा आकडा नेमका याविषयीचा आहे. प्रोटॉनचा ‘ब्यूटी लॅम्डा’ नावाचा एक जड आणि अल्पजीवी नातलग आहे. त्याचे एक प्रोटॉन, एक केऑन आणि दोन पायॉन यांत विघटन होते. २०११ ते २०१८ या काळातील टकरींतून अशी ऐंशी हजारांहून अधिक विघटने वेचून काढण्यात आली. कणांची किती आणि प्रतिकणांची किती, याची तुलना केल्यावर दोन्ही बाजू सारख्या नाहीत, असे निष्पन्न झाले. त्रुटीची मर्यादा अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर आहे; हा फरक निव्वळ योगायोग असण्याची शक्यता काही दशलक्षांत एक.

मग कोडे सुटले का नाही? कारण आढळलेला फरक कोबायाशी-मास्कावा यांच्या चौकटीत बसणारा आहे, आणि ती चौकट अपुरी आहे हे आधीपासून ठाऊक आहे. क्वार्कच्या जगातील सर्व सममितीभंग एकत्र केला, तरी विश्वात जितके द्रव्य दिसते त्याच्या तुलनेत तो अब्जावधी पटींनी तोकडा पडतो. येथे टक्केवारी फसवी ठरते. २.४५ टक्के हा शंभर कोटींत एकपेक्षा कितीतरी मोठा आकडा, मग तेवढ्यात भागायला हवे, असे कुणालाही वाटेल. पण हा फरक एका विशिष्ट जड कणाच्या एका विशिष्ट विघटनातला आहे; आरंभीच्या तप्त विश्वात, जिथे सर्व प्रकारचे क्वार्क एकाच वेळी वावरत होते, तिथे त्याचा निव्वळ परिणाम जवळजवळ पुसला जातो. ‘एलएचसीबी’च्या शास्त्रज्ञांना या चौकटीबाहेरचे काही सापडले असते, तर गोष्ट वेगळी होती.

तिसऱ्या अटीचीही तीच गत झाली. विश्व थंड होताना कणांना वस्तुमान मिळण्याचा जो क्षण आला, त्या वेळी समतोल ढळला असावा, अशी एक आशा होती. पाणी उकळताना जसे बुडबुडे येतात, तसे नव्या अवस्थेचे बुडबुडे जुन्या अवस्थेत उमटले असते, तर त्यांच्या सीमांवर द्रव्याची शिल्लक तयार होणे शक्य होते. परंतु २०१२ मध्ये सापडलेल्या हिग्ज बोसॉनचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट निघाले. इतक्या जड हिग्जच्या बाबतीत ‘स्टँडर्ड मॉडेल’ हा प्रचलित सिद्धांत सांगतो, की अवस्थांतर बुडबुड्यांविना झाले. तूप गारठ्यात हळूहळू थिजते तसे. या हिशेबात बदल घडवणारे अज्ञात कण असतील तर निराळे. तसे असल्यास त्या बुडबुड्यांच्या टकरींतून उठलेल्या गुरुत्वीय लहरी आजही विश्वात रेंगाळत असतील. युरोपीय अंतराळ संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘लिसा’ ही तीन यानांची मोहीम त्यांचाही शोध घेईल. तिचे उड्डाण २०३५ मध्ये नियोजित आहे.

संशय न्यूट्रिनोवर

क्वार्कने निराशा केल्यावर संशयाची सुई वळली ती न्यूट्रिनोकडे. विद्युतभार नाही, वस्तुमान जवळजवळ नाही, अख्ख्या पृथ्वीतून विनासायास आरपार जाणारा असा हा कण. १९८६ मध्ये मासाताका फुकुगिता आणि त्सुतोमू यानागिदा यांनी सुचवले, की आजच्या हलक्या न्यूट्रिनोंना अतिप्राचीन काळी अतिशय जड भावंडे असावीत. त्या भावंडांचे विघटन होताना द्रव्याच्या बाजूला किंचित झुकते माप मिळाले आणि तो झुकाव पुढे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या खात्यात वर्ग झाला. ही भावंडे इतकी जड असू शकतात, की कोणत्याही यंत्रात त्यांची निर्मिती करण्याची आशा नाही. तेव्हा उरतो तो अप्रत्यक्ष पुरावा: आजचे न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या वागण्यात फरक आहे का?

न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात आणि प्रवासात ते एका प्रकारातून दुसऱ्यात बदलत राहतात. जपानमध्ये ‘टी-टू-के’ प्रयोगात पूर्व किनाऱ्यावरील तोकाई येथून निघालेला झोत २९५ किलोमीटरवरील कामिओकाच्या डोंगराखाली, पन्नास हजार टन पाण्याच्या टाकीत टिपला जातो. अमेरिकेतील ‘नोव्हा’ प्रयोगात शिकागोजवळील फर्मीलॅबहून ८१० किलोमीटरवरील मिनेसोटापर्यंत असाच झोत जातो. या प्रयोगात भारतातील अनेक विद्यापीठे सहभागी आहेत. दोन्ही गटांनी आपापली माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानले गेलेले दोन गट एका निबंधावर सह्या करतात, हेच मुळात विशेष. निष्कर्ष मात्र एका ‘जर’वर अडला आहे.

न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांची उतरंड दोन प्रकारे लावता येते: दोन हलके व एक जड, किंवा दोन जड व एक हलका. यांतील दुसरी उतरंड खरी असेल, तर न्यूट्रिनोंमध्ये सीपी सममितीभंग असल्याचा पुरावा या माहितीतच आहे. पहिली खरी असेल, तर अजून काहीच ठाम म्हणता येत नाही. आणि दोहोंपैकी कोणती खरी, याविषयी ही माहिती स्पष्ट कौल देत नाही. यात एक गंमत अशी, की झोत ज्या खडकातून जातो तो खडक स्वतः द्रव्याचा, त्यात इलेक्ट्रॉन आहेत, पॉझिट्रॉन नाहीत. त्यामुळे न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांना वाटेत सारखी वागणूक मिळत नाही आणि मूळचा फरक कोणता, खडकाने घातलेला कोणता, हे वेगळे करावे लागते. ज्या असमतोलाचे कारण शोधायचे, तोच मोजणीत आडवा येतो.

म्हणूनच उतरंडीच्या प्रश्नाला एवढे महत्त्व आले आहे. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात जमिनीखाली सुमारे सातशे मीटरवर उभारलेल्या ‘जुनो’ या प्रयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये कामास प्रारंभ केला. वीस हजार टन द्रवाने भरलेला हा प्रचंड गोल ५३ किलोमीटरवरील अणुभट्ट्यांतून येणारे प्रतिन्यूट्रिनो टिपतो. उतरंडीचा समाधानकारक निकाल लागण्यास सुमारे सहा वर्षे लागतील, असा त्याच्या आखणीतील अंदाज आहे. जपान दोन लाख साठ हजार टन पाण्याची ‘हायपर कामिओकांदे’ ही टाकी उभारत असून ती २०२८ मध्ये सुरू करण्याचे नियोजन आहे. अमेरिकेने साउथ डकोटातील होमस्टेक या जुन्या सोन्याच्या खाणीत दीड किलोमीटर खोलीवर ‘ड्यून’ प्रयोगासाठी खोदलेल्या गुहांचे काम २०२४ च्या आरंभी संपले. तिथे द्रवरूप आर्गॉनचे महाकाय शोधक बसतील आणि १३०० किलोमीटरवरील फर्मीलॅबहून न्यूट्रिनोंचा झोत येईल.

कोलार ते थेनी

सोन्याची खाण म्हटले, की भारतीय अभ्यासकांना कोलार आठवल्याशिवाय राहत नाही. वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची जगातील पहिली नोंद १९६५ मध्ये ज्या दोन ठिकाणी झाली, त्यांतील एक कर्नाटकातील कोलारची खाण होती. दुसरी दक्षिण आफ्रिकेतील. ‘टीआयएफआर’च्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह हे काम केले. १९८० च्या सुमारास याच खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर प्रोटॉनचे विघटन होते का, हे पाहणारा प्रयोग उभा राहिला. साखारोव्ह यांच्या पहिल्या अटीची ही थेट परीक्षा. काही संशयास्पद नोंदी मिळाल्या, पण अन्यत्र त्यांना दुजोरा मिळाला नाही. कामिओकातील पहिली टाकी १९८३ मध्ये याच शोधासाठी कार्यान्वित झाली होती. तेथील पुढच्या, मोठ्या टाकीने प्रोटॉनच्या एका संभाव्य विघटनापुरती आयुर्मर्यादा दहाच्या ३४ व्या घाताइतक्या वर्षांच्याही पुढे नेली आहे; विघटन मात्र कुठेच दिसलेले नाही. कामिओका टाकीमागून टाकी बांधत गेले. कोलारचे प्रयोग १९९० च्या दशकात बंद पडले आणि २००१ मध्ये खाणही बंद झाली.

त्या परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणून तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात ‘भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा’ आखण्यात आली. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे दीड हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मंजुरी दिली. पन्नास हजार टन चुंबकित लोखंडाचा तिचा शोधक न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांतला फरक थेट ओळखू शकला असता, आणि तिचे मुख्य उद्दिष्ट होते नेमकी ती वस्तुमानांची उतरंड. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण परवानगी स्थगित केली, पुढल्या वर्षी केंद्राने ती पुन्हा दिली, आणि २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पाला विरोध नोंदवला. वाघांचा संचारमार्ग आणि पश्चिम घाटातील पाण्याचे स्रोत हे त्यामागचे आक्षेप गंभीर आहेत. न्यूट्रिनोंमुळे किरणोत्सर्ग होईल ही भीती मात्र निराधार. ते तसेही प्रत्येकाच्या शरीरातून दर सेकंदाला अब्जावधींच्या संख्येने जातच असतात. दोन्ही प्रकारचे आक्षेप एकाच तराजूत तोलले गेले, आणि याला अणुऊर्जा विभागाचा स्थानिकांशी उशिरा सुरू झालेला संवाद बऱ्याच अंशी कारणीभूत आहे.

तूर्तास भारताचा ठोस वाटा आहे तो फर्मीलॅबमध्ये. ‘ड्यून’साठी झोत पुरवणाऱ्या ‘पिप-टू’ या नव्या त्वरकाचे काही भाग तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि इंदूर, कोलकाता व दिल्लीच्या संस्था तयार करत आहेत. यासंबंधीचा करार एप्रिल २०१८ मध्ये नवी दिल्लीत झाला. भाग भारतात बनतील, मोजणी साउथ डकोटात होईल. थेनीच्या वेधशाळेने ज्या उतरंडीचा निकाल लावायचा होता, तो आता ‘जुनो’कडून अपेक्षित आहे. वातावरणातील न्यूट्रिनोंचा चुंबकीय क्षेत्राच्या साह्याने अभ्यास करणे हे थेनीच्या आराखड्यातील वेगळेपण अद्याप इतरत्र त्या प्रमाणावर कुणी अमलात आणलेले नाही. त्या शोधकाची ८५ टनांची छोटी प्रतिकृती मदुराईत उभारलेली आहे.